वाडीला नकाशात जागा द्या : विद्यापीठे आणि शासकीय यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
तसेच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भारत हवामानशास्त्र विभाग यांचे राज्यातील प्रमुख

विषय : सह्याद्रीवरील संशोधनासाठी भूस्थानिक (नकाशावरील जागेशी जोडलेल्या) माहितीचे सामायिक ऑनलाइन साधन उभारण्याबाबत

स. न. वि. वि.

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. माझे बरेचसे विद्यार्थी डोंगरातल्या वाड्यांवरून येतात. जुलैत सलग तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला की वर्गातले दहा-बारा बाक रिकामे होतात आणि ओढ्याचे पाणी उतरले की ती मुले परत येतात. त्या दिवसांत मी दर वेळी एकच काम घेऊन बसतो. या मुलांच्या वाड्या कोणत्या उतारावर आहेत, वरच्या अंगाला कातळ आहे की मातीचा थर, आठवडाभरात तिथे किती पाऊस पडला, पूर्वी कधी तिथे दरड आली होती का, एवढे चार प्रश्न. बावीस वर्षांत या चारही प्रश्नांची उत्तरे मला एका जागी कधी मिळाली नाहीत. त्यांचे तुकडे मात्र आहेत, आणि ते आपल्याकडे, प्रत्येकाकडे थोडे थोडे आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला एकत्र लिहीत आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे दगावली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळले ते एसटीच्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, असे तेव्हा शासनाकडूनच सांगण्यात आले.

यादीत नाव का नव्हते याची चौकशी करणे माझे काम नाही आणि कोणाकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण भूगोलाचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट रोज दिसते. आपल्या जवळपास सगळ्या याद्या महसुली गावाच्या असतात. जनगणनेत सहा आकडी संकेतांक मिळतो तो महसुली गावाला. एका गावात पाच वाड्या असतील, त्यांतली एक नदीकाठच्या सपाटीवर आणि एक थेट कड्याखाली असेल, तरी तक्त्यात ओळ एकच. मग एखादा संशोधक उपग्रहाच्या माहितीवरून गावाचा सरासरी उतार काढतो. त्या सरासरीत खालची भातखाचरे येतात, गायरान येते, नदीचे पात्र येते. आकडा सौम्य निघतो आणि कड्याखालची चाळीस घरे त्या आकड्यात विरघळून जातात. गणित बरोबर असते. वाडीला स्वतःची ओळच नसते.

गंमत नव्हे, दुःख असे की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर, ओढे, वाटा दाखवणाऱ्या छापील नकाशांवर, वाड्या असतात. १:५०,००० च्या शीटवर जमिनीवरचे पन्नास मीटर म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर, आणि तेवढ्यातही सर्वेक्षकांनी झोपड्यांचे ठिपके काढले, वाडीचे नाव लिहिले, पायवाट तुटक रेषेने दाखवली. माळीणचा परिसर ४७ ई या शीटसमूहात येतो, इर्शाळगड आणि महाड ४७ एफमध्ये. ही माणसे डोंगर चढून गेली होती. त्यांनी कागदावर उतरवलेली वाडी संगणकाच्या तक्त्यात येईपर्यंत हरवली, हे आपल्या पिढीच्या हातून झाले.

आता संशोधनाची बाजू सांगतो, कारण कुलगुरूंना ती विशेष करून सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने दरडींवर पीएच.डी.चे काम घेतले. तिने चार टोपोशीट स्कॅन केल्या आणि त्यांवरच्या वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) माउसने एकेक करून गिरवल्या. ओढे गिरवले, रस्ते गिरवले, वाड्यांचे ठिपके ठेवले. या कामात चौदा महिने गेले. नंतर एका परिषदेत तिला दोन वेगवेगळ्या विद्यापीठांतली दोन मुले भेटली. त्यांनीही त्यांतल्या तीन शीट तशाच गिरवल्या होत्या. तिघांच्याही रेषा आज तीन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. त्यांतली एक डिस्क आता उघडत नाही. तिघांचेही शिष्यवृत्तीचे पैसे सार्वजनिक होते.

शिवाय तिच्या आणि त्या मुलांच्या रेषा एकमेकींवर बसत नव्हत्या. नकाशा काढताना पृथ्वीचा आकार एका ठरावीक लंबगोलाचा धरतात. जुन्या शीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेल्या आहेत, उपग्रहाची चित्रे आणि मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर चालतात. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शे-दीडशे मीटरांचा फरक पडतो. मैदानी जिल्ह्यात एवढे खपून जाईल. डोंगरात शंभर मीटर म्हणजे वाडी ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर जाते. कोणी कोणते रूपांतर वापरले याची नोंद तिघांपैकी एकाच्याच प्रबंधात होती. चूक मुलांची नाही. अशी नोंद ठेवायला लावणारे, आणि रूपांतर एकदाच, सर्वांसाठी, तपासून करून ठेवणारे ठिकाणच आपण त्यांना दिलेले नाही.

पावसाचे तेच. हवामान विभागाने १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींत सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. हे फार मोठे काम आहे आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची बाजू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरांच्या आत असलेल्या वाईला हजारसुद्धा पडत नाही. २०२१ च्या जुलैत, तळीयेच्या त्या दिवसांत, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. घाटाच्या एका धारेवर एवढा बदल होत असताना मोठ्या चौकटीतला आकडा घेऊन दरडीचा अंदाज बांधता येत नाही. महसूल मंडळांत आता दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, धरणांवर पाटबंधारे खात्याचे पर्जन्यमापक आहेत, काही शाळांमध्ये आणि महाविद्यालयांत शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने ठेवलेल्या पावसाच्या वह्या आहेत. या सगळ्या नोंदी एकाच कालरेषेवर, एकाच नकाशावर आणून कोणती विश्वासार्ह, कोणती संशयास्पद हे तपासणे एका संशोधकाच्या आवाक्यातले नाही. पन्नास जण मिळून केले तर वर्षभरात होते.

माहिती नाही अशी तक्रार आज कोणी करू नये. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे आहेत. २००८ पर्यंत त्यांतल्या एकेका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत. त्या वर्षी अमेरिकेने ती सर्वांना खुली केली आणि जगभरच्या गरीब विद्यापीठांतली मुले उपग्रहाच्या चित्रांवर काम करू लागली. मीही त्यानंतरच माझ्या वर्गात पहिल्यांदा आमच्याच तालुक्याचे चित्र लावू शकलो. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रहयान दहा मीटरच्या तपशिलाने दर काही दिवसांनी आपल्यावरून जाते. पावसाळ्यात ढगांमुळे ते आंधळे होते, तेव्हा सेंटिनेल-१ चे रडार ढगांतूनही पाहते. आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहापासून तयार केलेले उंचीचे प्रारूप, म्हणजे जागोजागच्या उंचीचा संगणकी नकाशा, साधारण तीस मीटरच्या जाळीत इस्रोच्या भुवन या नकाशांच्या पोर्टलवर मिळते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० वर काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दरडींच्या ॲटलासमध्ये १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडी नोंदलेल्या आहेत. भूजल यंत्रणेकडे राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची वर्षातून चार वेळा मोजलेली पातळी आहे, आणि झऱ्यांचे, मुरलेल्या पाण्याचे ज्ञान दरडीच्या अभ्यासात किती मोलाचे असते हे त्यांना मी सांगायला नको.

अडचण आहे ती हे सगळे घेऊन काम करण्याची जागा नसण्याची. रडारच्या एका दृश्याची फाइल काही जीबीची असते. आमच्या महाविद्यालयात ती उतरवायला रात्र जाते आणि मध्येच वीज गेली तर दुसरी रात्र. उतरली तरी ती सोसेल असा संगणक नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत तो आहे, पण त्यांच्याकडे वाडीवर राहणारी मुले नाहीत. म्हणून सह्याद्रीवरचे बरेचसे संशोधन दुरून होते, आणि जवळ राहणाऱ्यांकडचे ज्ञान संशोधनात येतच नाही.

मला नेमके काय हवे आहे ते आता सांगतो. नकाशे दाखवणारे आणखी एक पोर्टल नको. इस्रोने २००९ मध्ये भुवन आणले तेव्हा आपल्या देशाने आपल्या भूमीकडे पाहण्याची स्वतःची खिडकी उघडली आणि तिचा उपयोग मी आजही करतो. पुढची पायरी कार्यशाळेची आहे, जिथे माहिती आणि अवजारे एकाच छपराखाली असतील. संशोधक ब्राउझर उघडेल, आपल्या अभ्यासाचे क्षेत्र निवडेल, उतार, पाणलोट, मातीचा थर, पाऊस हे सगळे आधीच एका मापात बसवलेले त्याला मिळेल, आणि त्याचे गणित दूरच्या सर्व्हरवर चालेल. त्याच्या हाताशी साधा मोबाइल असला तरी चालेल. काम संपल्यावर त्याचा डेटा आणि त्याच्या गणिताची कृती दोन्ही तिथेच राहतील, क्रमांकासह, म्हणजे पुढचा माणूस तेच गणित पुन्हा चालवून पाहू शकेल, त्यातली चूक काढू शकेल आणि तिथून पुढे जाईल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने मायजिओहब नावाचे असे ठिकाण चालवून दाखवले आहे. तिथे पाण्यावर काम करणारे संशोधक स्वॉट हे पाणलोटाचे मॉडेल एकमेकांना देतात. एकाने एखाद्या नदीसाठी बसवलेले मॉडेल दुसरा ब्राउझरमधूनच चालवून पाहतो, आपल्या संगणकावर काही बसवावे लागत नाही. त्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञाला संगणकतज्ज्ञ व्हायला लावू नये, आणि प्रत्येक प्रकल्पाने आपली वेगळी चूल मांडू नये. आपल्याकडेही पाऊल पडले आहे. राज्य शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीवर चालणारे पाण्याच्या ताळेबंदाचे साधन तयार केले. गावात पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेले, किती मातीत राहिले, किती खाली मुरले, हे त्यातून काढता येते. क्यूजीआयएस मुक्त आहे, फुकट आहे, आणि माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ते सहज शिकतात. हेच घाटमाथ्यासाठी, दरडींसाठी, झऱ्यांसाठी का करू नये?

उपग्रहाच्या चित्रांवर गणित चालवू देणारे गूगल अर्थ इंजिन २०१० पासून आहे आणि संशोधनासाठी ते विनामूल्य मिळते, मग वेगळे कशाला, असे कोणी विचारेल. मी स्वतः ते शिकवतो. पण आपल्या वाड्यांची सूची, आपल्या विहिरींची पातळी, आपल्या शिक्षकांच्या पावसाच्या वह्या तिथे कोण ठेवणार, कोण तपासणार, आणि दहा वर्षांनी त्या कोणाच्या खात्यात असणार? जगाची चित्रे जगाच्या यंत्रावर वापरावीत. स्वतःच्या डोंगराची नोंदवही मात्र आपल्या ताब्यात असावी.

या कार्यशाळेचा पाया कोणता असावा याबद्दल माझे मत ठाम आहे. आधी वाड्यांची सूची करा. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडी, पाडा, वस्तीला स्वतःचा कायमचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, देवनागरीत नाव, बोलीतली पर्यायी नावे, आणि ती कोणत्या महसुली गावात व ग्रामपंचायतीत येते याची नोंद. नाव देवनागरीत असावे हा माझा भावनिक हट्ट नाही. इंग्रजी तक्त्यांत एकाच गावाची स्पेलिंगे तीन-तीन असतात. तळीयेचे नाव वर्तमानपत्रांत कधी तळिये, कधी तळई असे वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. बुद्रुक कुठे पूर्ण लिहिलेले, कुठे बीके, कुठे नुसता बी. संगणकाला ही तीन गावे वाटतात आणि दोन तक्ते जोडताना ओळी गळून पडतात. गळलेली ओळ कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात आपण अजून शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइल-स्वरूपाला चिकटून आहोत. त्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, आणि मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला की प्रश्नचिन्हांची रांग होते. जिओपॅकेज हे खुले स्वरूप २०१४ पासून उपलब्ध आहे, त्यात देवनागरी व्यवस्थित टिकते. विद्यापीठांनी प्रबंधासोबत नकाशांचा डेटा याच स्वरूपात घ्यावा, एवढा एक नियम केला तरी निम्मी पडझड थांबेल.

दुसरी नोंदवही दरडींची. मोठ्या दरडी बातमीत येतात. लहान दरडी, शेताचा बांध घेऊन गेलेल्या, रस्ता दोन दिवस बंद केलेल्या, कोणी लिहून ठेवत नाही. पण शास्त्राला त्याच हव्या असतात, कारण किती पावसाला कोणता उतार सुटतो हे मोजायला शेकडो उदाहरणे लागतात. वाडीतली म्हातारी माणसे या घटना वर्षासकट सांगतात. "अमक्याच्या लग्नाच्या साली" अशी त्यांची तारीख असते आणि ती खरी निघते. माझे विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत आजीआजोबांना विचारून अशा जागा दाखवतात. जमिनीला भेग पडणे, झाडे एका बाजूला कलणे, बारमाही झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा भलत्याच जागी फुटणे, या खुणा त्यांना पाठ आहेत. मोबाइलवर मराठी फॉर्म, रेंज नसताना भरता येणारा, आणि खाली उतरल्यावर आपोआप सर्व्हरवर जाणारा, एवढे साधन असले तर हे ज्ञान नकाशावर येईल. अशी मुक्त साधने तयार आहेत. ती मराठीत आणून एका जागी जोडायची आहेत. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी पाहिली, कशी पाहिली, किती खात्रीची, हे लिहिलेले असावे. ऐकीव नोंद ऐकीव म्हणूनच राहावी, तपासल्यावर तिचा दर्जा बदलावा.

आता आपल्या मनात येणाऱ्या हरकतींबद्दल. नकाशाचा विषय निघाला की सुरक्षेची भीती पुढे येते. ती भीती जुन्या नियमांतून आली होती आणि नियम बदलले आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी, वापरण्यासाठी आधी परवानगी मागण्याची अट काढून टाकली. त्याच दस्तऐवजात असेही म्हटले आहे की सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती सोडून सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती वैज्ञानिक, आर्थिक आणि विकासाच्या कामांसाठी सर्व भारतीयांना सहज उपलब्ध व्हावी आणि तिच्या वापरावर बंधन नसावे. त्यानंतर २८ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. डोंगराळ भागाचे एक ते तीन मीटर तपशिलाचे उंचीचे प्रारूप २०३० पर्यंत तयार करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. तीस मीटरच्या जाळीत डोंगरात खोदलेला रस्ता किंवा जेसीबीने सपाट केलेले खाचर दिसत नाही, सगळे सरासरीत बुजते. माळीणनंतर उतारावरच्या सपाटीकरणाची केवढी चर्चा झाली, पण ती तपासायला लागणारा तपशील संशोधकांच्या हाती कुठे होता? तो तपशील येऊ घातला आहे. तो आल्यावर प्रत्येक विभाग आपापल्या कपाटात एक प्रत ठेवणार असेल तर आपण काही शिकलो नाही.

दुसरी हरकत मालकीची असते, फारशी कोणी बोलून दाखवत नाही, पण असते. आपण जमवलेली माहिती दिली तर आपले काय राहिले? यंत्रणांना मी सांगेन की माहिती आपल्याच सर्व्हरवर ठेवा. नकाशाचे थर दुवा देऊन पुरवण्याची आंतरराष्ट्रीय मानके २००० सालापासून आहेत. साझ्या कार्यशाळेला फक्त दुवा पुरतो आणि आपण दुरुस्ती केली की ती सगळीकडे पोचते. संशोधकांच्या बाबतीत जबाबदारी कुलगुरूंची आहे. तपासून, नीट नोंदी लिहून खुला केलेला डेटा हा शोधनिबंधाइतकाच मोजला जाईल, बढतीच्या वेळी त्याचे श्रेय मिळेल, एवढे विद्यापीठांनी ठरवावे. आज चौदा महिने रेषा गिरवणाऱ्या मुलीला त्या रेषांचे काहीच श्रेय मिळत नाही, मग ती त्या का द्यावी? काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी पाण्याच्या नोंदी मागायला गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्याने मला चहा दिला, आस्थेने बोलला, आणि पीडीएफमधला नकाशा छापून दिला. आकडे देण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही हेच त्याला ठाऊक नव्हते. तो माणूस वाईट नव्हता. देण्याची रीत ठरवून दिली तर असे हजारो सज्जन अधिकारी आनंदाने देतील.

पैशांबद्दल एवढेच सांगतो की सर्व्हरपेक्षा माणसांवर खर्च करा. पोर्टले मरतात ती यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. प्रकल्प संपतो, कंत्राटी मुलगा निघून जातो, पासवर्ड त्याच्यासोबत जातो, आणि दोन वर्षांत पान उघडेनासे होते. तीन-चार कायम पदे लागतील: एक सर्व्हर सांभाळणारा, एक डेटा तपासणारा, एक महाविद्यालयांत फिरून शिकवणारा आणि आमच्यासारख्यांच्या फोनला उत्तर देणारा. हा शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर ही कार्यशाळाही चार मोठ्या शहरांचीच राहील.

एक इशाराही देतो, कारण मी ज्यांच्या वतीने बोलतो आहे त्यांना या साधनातून त्रासही होऊ शकतो. एखाद्या वाडीवर लाल रंग भरला की तिथे रस्ता होत नाही, घरकुल मंजूर होत नाही, मुलींची स्थळे परत जातात. पुनर्वसनाच्या नावाखाली ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबे जंगलापासून आणि शेतीपासून तोडली जातील ही भीतीही खोटी नाही. म्हणून घरागणिक नावे, जातींच्या नोंदी, जमिनीचे तपशील उघड्या नकाशावर येता कामा नयेत. धोक्याचा नकाशा जाहीर करण्याआधी तो वाडीत नेऊन, ग्रामसभेत उलगडून दाखवायला हवा. त्यांना तो चुकीचा वाटला तर त्यांचे म्हणणे त्याच नोंदवहीत लिहिले जावे. नकाशा वाचायला त्यांना शिकवायचे काम आम्ही महाविद्यालये करू.

माझी विनंती मर्यादित आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपण सर्वांनी, किंवा आपण नेमलेल्या माणसांनी, दोन दिवस एकत्र बसावे. नागपूरला बसा, पुण्याला बसा, आमच्या महाविद्यालयात आलात तर आमच्या मुलांना आनंद होईल आणि जेवणाची सोय आम्ही करू. सुरुवात तीन तालुक्यांपासून करा, आंबेगाव, महाड आणि खालापूर. या तीन तालुक्यांतल्या वाड्यांची सूची, दरडींची नोंदवही आणि पावसाच्या सगळ्या नोंदी एका ठिकाणी, खुल्या स्वरूपात, पुढच्या मेअखेर उभ्या राहाव्यात, म्हणजे मृगाच्या आधी त्या वापरात येतील. कोणते विद्यापीठ पुढाकार घेते यावर वाद नको. जे आधी सर्व्हर देईल त्याच्याकडे काम सुरू करावे.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहितो. आमच्या विद्यार्थ्यांनी पायी फिरून ३१ वाड्यांची नोंद केली आहे. प्रत्येक वाडीचे स्थान, घरांची संख्या, पाण्याचे झरे, जुन्या दरडींच्या जागा, आणि २०१२ पासून महाविद्यालयाच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची रोज सकाळी साडेआठला घेतलेली नोंद, असे सगळे जिओपॅकेजमध्ये मराठी रकान्यांसह तयार आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीने तिच्या चारही शीटच्या रेषा द्यायची लेखी संमती दिली आहे. ही फाइल कोणत्या पत्त्यावर पाठवायची तेवढे कळवावे.

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याचा एक भूगोल शिक्षक